बैठकीचे दगड

ठेकेदाराचा पाय मोडला आणि पुलाचं काम त्याच्या बायकोच्या गळ्यात पडलं. कुणी दिलं नाही, कुणी विचारलंही नाही. सकाळी गाडीवाले नेहमीसारखे दाराशी येऊन उभे राहिले, आज चुना कुठल्या भट्टीवरून भरायचा म्हणून. ठेकेदार आत खाटेवर दात आवळून पडला होता. त्याच्या कपाळावरचा घाम पुसून तीच बाहेर आली आणि म्हणाली, "कालच्याच भट्टीवरून. आणि तिथे गप्पा हाणत बसू नका, ऊन चढायच्या आत परत या." गाडीवाले गेले. त्यानंतर ते ठेकेदाराला विचारायला आलेच नाहीत. तिलाच विचारू लागले, आणि आपसात तिला ठेकेदारीण म्हणू लागले. आधी चेष्टेने, मग नुसतंच.

काम रेल्वेच्या पुलाचं होतं. या बाजूला आगगाडी अजून कुणी पाहिली नव्हती, पण तिच्यासाठी नदीच्या दोन्ही काठांना दगडी खांब उभे राहिले होते आणि पलीकडून रुळांची ओळ रोज थोडी थोडी पुढे सरकत होती. गोऱ्या साहेबाने अलीकडचा काठ ठेकेदाराला दिला होता. दगड फोडायचा, घडवायचा, वाहून आणायचा, रचायचा. माणसं आणि गाड्या ठेकेदाराच्या. पहारी, कप्प्या, दोर मात्र रेल्वेच्या कोठीतून यायचे, आणि कोठीवाला देईल तेव्हाच यायचे.

खांब पुरा झाला होता. आता त्याच्या माथ्यावर बैठकीचे चार दगड तेवढे चढवायचे होते. त्यांच्यावरच पुढे लोखंडी तुळया टेकणार होत्या. एकेक दगड चांगला बैलाएवढा. पहिलाच दगड अर्ध्यावर गेला आणि दोर तुटला. दगड परांचीच्या बांबूंना धडकत खाली आला. सगळे बाजूला पळाले, ठेकेदारही पळाला, पण त्याचा एक पाय मागे राहिला.

मग कोठीतून दुसरा दोर आला. तोही जुनाच. मध्ये दोन ठिकाणी जोडलेला, वरून डांबर फासलेलं. ठेकेदारणीने जोडावर अंगठा दाबला, तर डांबराखालून सुतळीचा भुसा निघाला. तिने तो बोटांवर चोळला, वास घेतला आणि दोर तिथेच टाकला.

"हा चालायचा नाही," ती म्हणाली.

समोर रेल्वेचा ओव्हरसियर उभा होता. हातात छडी, डोळ्यांवर ऊन. त्याने तिच्याकडे बघितलंच नाही. तिच्या मागे उभ्या असलेल्या दिराला त्याने विचारलं, "काय रे, तुमच्या घरात बोलायला बाप्या माणूस नाही का कुणी?"

दीर कानामागे खाजवत पुढे झाला. "आहे की साहेब. मी आहे ना."

"मग ऐक. वरच्या अंगाला ढग धरलेत. नदी फुगली की ही परांची काडीसारखी वाहून जाणार. परांची गेली की दगड बसायचे पुढच्या उन्हाळ्यात, आणि ते तुम्ही बसवणार नाही, दुसरा कुणीतरी बसवेल. कळलं?"

"कळलं साहेब."

"दोर चांगला आहे. कोठीतून आलाय."

"पहिलाही कोठीतूनच आला होता," ठेकेदारीण म्हणाली.

ओव्हरसियरने छडी बुटावर आपटली आणि तो निघून गेला. माणसं खाली बघून हसली. कुणाला हसली ते तिला कळलं नाही, पण तिचे कान तापले.

संध्याकाळी घरात तोच विषय. घर म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली, मध्ये गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या एका अंगाला ठेकेदार आणि ती, दुसऱ्या अंगाला दीर आणि जाऊ. काम जिथे असेल तिथे हे पत्रे उपटून न्यायचे आणि पुन्हा ठोकायचे.

"मी उद्या कोठीवर जाते," ती म्हणाली. "नवा दोर घेऊनच येते."

"आणि कोठीवाला तुझी वाट बघत बसलाय," ठेकेदार म्हणाला. त्याचा पाय दोन फळ्यांत आवळून बांधला होता आणि सुजून त्याची बोटं वांग्यासारखी झाली होती. "अगं, त्याच्याशी वाकडं घेऊन चालत नाही. आज दोर, उद्या पहारी, परवा सुरुंगाची दारू. सगळं त्याच्या हातातून येतं. एकदा तो बिनसला की आपल्याला रिकाम्या हातांनी दगड फोडावे लागतील."

"तो बिनसेल म्हणून माणसं मारायची का?"

"माणसं मारायला मी काय खुळा आहे?" दीर पडद्याआडून बाहेर आला. त्याच्या हातात अर्धा खाल्लेला घास तसाच होता. "वहिनी, दोर मी स्वतः बघितलाय. जोड पक्का आहे. दादाच्या वेळी गाठ चुकीची पडली होती."

"गाठ नव्हती चुकली," ठेकेदार म्हणाला.

"मग काय झालं होतं?"

ठेकेदाराने पत्र्याकडे तोंड फिरवलं. पायात कळ आली म्हणून की दुसऱ्या कशाने, ते सांगता आलं नसतं.

"दगडाखाली कोण असणार आहे माहीत आहे ना भाऊजी?" ती म्हणाली. "ऐकूबुवा."

ऐकूबुवा हा म्हातारा गवंडी. त्याला काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही, म्हणून सगळ्यांनी त्याला हे नाव ठेवलं होतं, आणि ते त्याला ऐकूच येत नसल्याने तो कधी चिडलाही नाही. बैठकीचा दगड वीतभर उंचीवर लोंबत ठेवून त्याखाली चुन्याचा शेवटचा हात फिरवायचा असतो. काठावर ते काम फक्त त्यालाच जमत होतं. दगडाखाली खांद्यापर्यंत हात घालून तो चुना सारखा करायचा. दोर करकरला, वरून कुणी ओरडलं, तरी त्याला पत्ता लागणार नव्हता.

"मी जाऊन येईपर्यंत दगड उचलायच्या रहाटाला हात लावायचा नाही," ती दिराला म्हणाली.

"बघू," दीर म्हणाला आणि पडद्याआड गेला. तिकडून जावेचा आवाज आला, हळू पण ऐकू येईल असा. "हुकूम तर बघा. आता आपण हिच्या हाताखाली."

दिवस उगवायच्या बऱ्याच आधी तिने गाडी जुंपली. निघताना तुटलेल्या दोराचा तुकडा, ज्याने ठेकेदाराचा पाय घेतला होता तो, तिने पोत्याखाली टाकला. का टाकला ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. रिकाम्या हाताने जायला नको, एवढंच वाटलं.

कोठी म्हणजे काट्याच्या कुंपणात कोंबलेलं अख्खं जग होतं. रुळांच्या थप्प्या, खिळ्यांची पिंपं, गवतात गुंडाळलेला वाफेचा पंप, गंज चढलेली चाकं. दाराशी गाड्यांची रांग. आत टेबलामागे कोठीवाला बसला होता. किडकिडीत, डोळे लाल, सर्दीने बेजार. शिंकायचा आणि सही करायचा, सही करायचा आणि शिंकायचा.

"दोर हवाय," ती म्हणाली.

"ठेकेदार कुठाय?"

"खाटेवर. तुमच्या दोराने पाडलाय."

"मग तो उठला की पाठवा त्याला. बाहेर सावलीला बसा, बाई."

ती बाहेर बसली. एकेक गाडी आत गेली, भरून बाहेर आली. तिच्यानंतर आलेले तिच्याआधी गेले. दोनदा ती आत डोकावली आणि दोनदा त्याने मान वर न करता हात हलवला, माशी उडवावी तसा. ऊन पत्र्यावर तापलं, सावली भिंतीला चिकटली, पाण्याचा माठ आतल्या बाजूला होता आणि आत जायची तिला सोय नव्हती. उघड्या दारातून मागच्या खोलीतली नव्या दोराची वेटोळी दिसत होती. पिवळीधमक, माणसाच्या छातीएवढी उंच.

ऊन कलल्यावर ती उठली, गाडीतून तुटका तुकडा काढला आणि सरळ आत जाऊन त्याच्या टेबलावर टाकला. दौत कलंडली.

"हे काय?" कोठीवाला खुर्चीसकट मागे सरकला.

"हा तुटला. दुसरा तुटायचाय. त्याच्याआधी मला त्यातला एक द्या." तिने मागच्या खोलीकडे बोट केलं.

"तो तुळयांच्या कामासाठी आहे."

"तुळया कशावर ठेवणार आहात? आमचे दगड चढल्याशिवाय?"

रांगेतला कुणीतरी हसला. कोठीवाला शिंकला, त्याने नाक पुसलं आणि टोकाला धरून तो तुकडा टेबलावरून खाली ढकलला. "आणि हा आमचा कशावरून? असले कुजके दोर बाजारात ढिगाने मिळतात. तुमच्या नवऱ्याने स्वस्तातला आणला असेल आणि आता आमच्या माथी मारताय."

ती तुकडा उचलायला वाकली. इतक्यात कोपऱ्यात खिळे तोलत असलेल्या हमालाने तो तुकडा उचलला, पीळ उलगडला आणि भोळेपणाने म्हणाला, "नाही साहेब, आपलाच आहे की. हा बघा निळा धागा."

रेल्वेच्या दोरात, चोरी ओळखू यावी म्हणून, एका पिळात निळा धागा घातलेला असायचा. हे कोठीवाल्याला माहीत होतं, हमालाला माहीत होतं, आणि आता रांगेतल्या सगळ्यांना माहीत झालं. धाग्याच्या शेजारी सुतळीत काळपट डाग वाळलेला होता. तो कसला ते कुणी विचारलं नाही.

"तुला कुणी विचारलं रे?" कोठीवाला हमालावर खेकसला.

"नाही, तुम्हीच म्हणालात ना, आपला नाही म्हणून..."

"मी हा साहेबाच्या बंगल्यावर नेऊन दाखवते," ठेकेदारीण म्हणाली. "नाहीतर तुम्हीच ठेवून घ्या."

कोठीवाल्याने तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मग दाराबाहेरच्या रांगेकडे बघितलं.

"हा तुकडा इथे राहील," तो म्हणाला.

"राहू दे."

"आणि यापुढे ठेकेदाराने स्वतः यायचं."

"पाय आला की येईल."

नवं वेटोळं गाडीत चढवायला दोन माणसं लागली. तोवर दिवस बुडायला आला होता. तिने बैल सोडले, कुंपणाबाहेर गाडीवाल्यांच्या बायकांमध्ये पाठ टेकली आणि तांबडं फुटताच परतीची वाट धरली. वाटेत वरच्या अंगाला आभाळ काळं ठिक्कर दिसत होतं. वारा ओला होता. ती बैलांना कधी मारत नसे, त्या दिवशी तिने मारलं.

काठावर पोचली तेव्हा सूर्य डोक्यावरून ढळला होता. आधी तिला नदी दिसली. पाणी गढूळ झालं होतं आणि त्यावर काटक्या, फेस वाहत होता. परांचीच्या पायाशी काल कोरडी वाळू होती, तिथे आज पाणी चाटत होतं. मग तिने वर बघितलं. खांबाच्या माथ्यावर तीन दगड बसले होते. ओळंब्यात, चुन्यात, व्यवस्थित.

रहाटावरची माणसं घामाने निथळत होती. दीर तिच्याकडे चालत आला. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि ते लपवायची त्याला गरज वाटत नव्हती.

"बघा वहिनी. तुमचा कुजका दोर." त्याने हात वर केला. "तीन चढवले."

ती गाडीवरच बसून राहिली. तिला आनंद व्हायला हवा होता. माणसं जिवंत होती, दगड वर होते. पण सगळे तिच्याकडे बघत होते, गाडीतल्या पिवळ्या वेटोळ्याकडे बघत होते, आणि एकाने दुसऱ्याला कोपर मारलं ते तिने पाहिलं. कोठीवाल्याच्या दाराशी तिला एवढं ओशाळवाणं वाटलं नव्हतं.

ती उतरली, रहाटापाशी गेली आणि दोराचा जोड हातात घेतला. डांबराचं कवच तडकलं होतं. जोड परवा होता त्याहून लांब झाला होता. की तिला तसं वाटलं? सांगता येईना.

"हा काढा. नवा घाला."

"आता?" दीर म्हणाला. "कप्पीतून सोडवायचा, नवा ओवायचा, ताणून घ्यायचा. त्यात संध्याकाळ होईल. पाणी बघताय ना?"

"बघतेय."

मागून ओव्हरसियर आला. "काय चाललंय? थांबलात का? तीन चढले ना, मग चौथा काय जड आहे? उचला."

दिराने हात केला. माणसांनी रहाटाचे दांडे धरले. वर ऐकूबुवा चौथ्या दगडाच्या जागी चुन्याचं घमेलं घेऊन बसलाच होता, पाठमोरा, खाली काय चाललंय याची गंधवार्ता नसलेला.

ठेकेदारणीने डोक्याचं फडकं कमरेला आवळलं आणि ती परांचीवर चढली. बांबू ओले होते. अर्ध्यावर तिचा पाय सटकला, कुणीतरी 'अहो' म्हणून ओरडलं. ती वर पोचली. ऐकूबुवाच्या खांद्यावर तिने हात ठेवला तसा तो दचकला. तिने त्याच्या हातातली थापी घेतली आणि खाली बोट दाखवलं. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं, दोराकडे बघितलं, आणि काही न विचारता उतरायला लागला.

ती त्याच्या जागी बसली. थापी गुडघ्यावर ठेवली.

"उचला," ती म्हणाली.

कुणी हललं नाही.

"वहिनी, खाली या," दीर ओरडला. "लोक बघताहेत."

"बघू देत. उचला."

"तुम्हाला चुना लावता येतो का?"

"नाही येत. दगड वर आला की शिकेन."

एकजण फस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. ओव्हरसियर छडी नाचवत काहीबाही बोलत होता. "ही काय थेटरं मांडलीत? उतरवा त्या बाईला!" पण परांचीवर चढायला तो पुढे झाला नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमचा त्या दोरावर भरवसा आहे ना? ऐकूबुवाच्या डोक्यावर दगड धरायला होता. मग माझ्या डोक्यावर धरायला काय होतंय?"

रहाटावरच्या एका माणसाने दांडा सोडला. "मी नाही बुवा फिरवत," तो म्हणाला आणि हात पुसत बाजूला झाला. मग दुसरा. मग उरलेले. दिराचा चेहरा लालबुंद झाला. "तुम्ही काय तिचे नोकर आहात की माझे?" तो ओरडला. कुणी दांड्याकडे परतलं नाही. तेव्हा त्याने स्वतःच दांडा धरला, पाय रोवले आणि सगळा जोर लावून एक फेरा दिला.

दोर ताणला. दगड जमिनीवरून सुटला, हलला, पुन्हा टेकला. त्याने दुसरा फेरा दिला. जोड कप्पीखाली येऊन करकरला. लांब, बारीक आवाज, जुनी दारं करतात तसा. वर बसलेल्या तिला तो अगदी कानाशी ऐकू आला. तिने दोन्ही हातांनी थापी आवळून धरली. डोळे मात्र तिने मिटले नाहीत. ती दिराकडे बघत राहिली आणि दीर तिच्याकडे. त्याच्या मनगटाच्या शिरा फुगल्या होत्या, हनुवटीवरून घाम गळत होता.

तिसरा फेरा त्याने दिला नाही.

रहाटाला खुंटी अडकवून तो खाली बसला.

"काढा तो दोर," तो शेवटी म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही, पण सगळेच धावले.

नवा दोर ताठर होता, हातांना सोलत होता. तो कप्पीत ओवेपर्यंत पाणी परांचीच्या पहिल्या आडव्या बांबूला लागलं. ओव्हरसियर दोनदा येऊन शिव्या देऊन गेला. माणसं पाण्यात उभी राहून बांबूंना टेकू देत होती. ऐकूबुवा पुन्हा वर चढला. त्याला तिने हातांच्या खुणांनी सगळं सांगायचा प्रयत्न केला, तर त्याने मान डोलावून तिला बाजूला सारलं, आपली थापी काढून घेतली आणि थापीवर वाळलेला चुना चिडून पुसून टाकला. दगड वर गेला, लोंबला, म्हाताऱ्याचा हात त्याच्याखाली खांद्यापर्यंत गेला आणि बाहेर आला. मग दगड आपल्या जागी बसला. फारसा आवाजही झाला नाही.

ओव्हरसियरने पाणसळ लावून बघितली. "ठीक आहे," तो दिराला म्हणाला. "भावाला सांग, काम साहेबाला दाखवतो."

दीर हो म्हणाला. तो तिच्याशी बोलला नाही. परांची सोडवताना ती खाली असली की तो वर जायचा, ती वर गेली की तो खाली. घरी आल्यावर पडद्याआडून आधी जावेचे प्रश्न ऐकू आले, मग दिराचं एकच वाक्य, "गप्प बस म्हणतो ना." मग भांड्यांचा आवाज.

ठेकेदाराला सगळं आधीच कळलं होतं. गाडीवाले सांगून गेले होते. ती आली, हातपाय न धुताच खाटेच्या कडेला भुईवर बसली. डांबराने तिचे तळवे काळे झाले होते आणि नव्या दोराने सोललेही होते.

"दोर तुटला असता का गं?" त्याने विचारलं.

"काय माहीत."

"तीन तर त्याच्यावरच चढले."

"चढले."

"म्हणजे चौथाही चढला असता."

"चढला असता कदाचित."

"मग एवढा तमाशा कशाला केलास? चारचौघांत धाकट्याची मान खाली घातलीस."

"मला माहीत नव्हतं म्हणूनच," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं का? भाऊजींना होतं? कुणालाच माहीत नव्हतं. आणि दगडाखाली हात घालायला तो म्हातारा बसला होता."

ठेकेदार फळ्यांत बांधलेल्या पायाकडे बघत राहिला. बाहेर नदीचा आवाज वाढला होता. तिने शेजारचं पाण्याचं भांडं उचललं. दिवसभरात तिच्या पोटात पाणीही गेलं नव्हतं. पण भांडं तोंडापर्यंत जाईना. हात इतके हलू लागले की पाणी तिच्या मांडीवर सांडलं. तिने भांडं दोन्ही हातांनी धरलं, तरी ते हलतच होतं. आता, घरात, काही नसताना.

ठेकेदार कोपरावर रेलला. पाय हलला तशी त्यातून कळ निघाली, ती त्याने दातांत दाबली. तिच्या हातातलं भांडं त्याने काढून घेतलं, दुसऱ्या हाताने तिची मान मागून धरली आणि भांडं तिच्या ओठांना लावलं.

"हळू पी," तो म्हणाला. "ठसका लागेल."